उशाला पुस्तक, पण पान उलटत नाही

ताई, सप्रेम नमस्कार.

मी 26 वर्षांचा आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातून राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात आलो, त्याला तीन वर्षं झाली. नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो. जनता कर्फ्यूच्या आधी दोन्ही रूममेट गावी निघाले, पण 5 एप्रिलला पूर्वपरीक्षा होती म्हणून मी थांबलो. परीक्षा 26 एप्रिलवर गेली, म्हणून पुन्हा थांबलो. मग तीही पुढे ढकलली, आणि आता तारीखच नाही. अभ्यासिका बंद, मेस बंद, एसटी बंद. एका संस्थेची मुलं दुपारी डबा देतात, तो घेताना मान वर होत नाही. रात्री भात आणि आईने दिलेल्या येसराची आमटी. सात आठवडे खोलीत एकटा आहे. रात्री तीनपर्यंत मोबाइल बघतो, सकाळी अकराला उठतो. पुस्तक उघडलं तर एक पान पुढे सरकत नाही. बाबांची हळद विकली गेली नाही, पोती घरात पडून आहेत. आई रोज फोनवर विचारते, अभ्यास कसा चाललाय? मी सांगतो, मस्त, बारा तास होतोय. जो तो म्हणतो सकारात्मक राहा, मिळालेल्या वेळेचं सोनं करा. मला ते जमत नाही. दिवसभर करावं काय, आणि मन ताळ्यावर ठेवावं कसं? कधी कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये.

एक उमेदवार, पुणे
(मे 2020)

बाळा,

तुझं पत्र मी शेवटाकडून वाचायला घेते. ‘सकाळी जागच येऊ नये’ हे तू जाता जाता लिहावं तसं लिहिलंयस, पण सगळ्या पत्रात मला जड वाटलं ते तेवढंच. सदर छापून येईपर्यंत थांबायला नको म्हणून त्याबद्दल मी तुला ईमेलवर आधीच कळवलं आहे. इथे पुन्हा लिहिते, कारण त्या पेठांमधल्या खोल्यांतून तुझ्यासारखी आणखीही मुलं एकटी बसून असणार.

जाग येऊ नये असं वाटणं आणि जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटणं, यांत अंतर आहे. पण रात्री तीन वाजता, एकट्या खोलीत, ते अंतर फार कमी होतं. म्हणून आज रात्रीच हे वाक्य एका जिवंत माणसाला तोंडाने सांग. गावी गेलेल्या रूममेटांपैकी जो जवळचा असेल त्याला फोन कर आणि जसं लिहिलंस तसंच बोलून दाखव. तो घाबरला तरी चालेल. कुणालाच सांगवत नसेल, तर बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने याच काळासाठी मोफत मदतवाहिनी सुरू केली आहे: 080-46110007. आणि मरणाचे विचार वरचेवर येऊ लागले, झोप किंवा जेवण तुटलं, तर तो डॉक्टरांना दाखवायचा आजार समज, तापासारखा. त्यात अभ्यासू मुलाला कमीपणा येण्यासारखं काहीही नाही.

आता ते ‘सकारात्मक राहा’. ते तूर्त बाजूला ठेव. ज्याची परीक्षा दोनदा हुकली, ज्याच्या घरात वर्षाची कमाई पोत्यांत अडकून पडली आहे, जो सात आठवडे माणसाशी समोरासमोर बोललेला नाही, त्याला उदास वाटणं हे मन धड असल्याचं लक्षण आहे. उदास वाटतंय म्हणून स्वतःला वर आणखी दोष देत बसलास, तर एकाची दोन ओझी होतील.

तुझ्या पत्रात तू काय काय बंद झालं ते सांगितलंस: अभ्यासिका, मेस, एसटी. मी ती यादी दोनदा वाचली, आणि मला त्यामागे वेगळंच काही दिसलं. अभ्यासिकेत तुझी एक ठरलेली खुर्ची असणार. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा तू नाही आलास तर विचारत असणार, काय रे, काल कुठे होतास? अकराच्या चहाला टपरीवर चौघं जण थांबत असणार. मेसच्या मावशींना ठाऊक असणार की तू भात कमी आणि भाकरी जास्त घेतोस. तुझा दिवस वेळापत्रकाने धरून ठेवलेला नव्हता. तो धरून ठेवला होता या माणसांनी, जी न सांगता तुझी वाट बघत होती. 22 मार्चनंतर ती सगळी एकदम उठून गेली, आणि आता तू अकराला उठलास काय, दोनला उठलास काय, कुणाचं काही अडत नाही. मन भरकटतं ते यामुळे. रिकाम्या वेळाला छंद सुचवणारे पुष्कळ जण आहेत. मला तुला एवढंच सांगायचं आहे की रोज कुणीतरी तुझी वाट बघेल अशी दोन-तीन कामं अंगावर घे. बाकी जे लिहीन ते यातूनच निघालेलं आहे.

वाट बघणारं एक माणूस तुझ्याकडे आहेच, पण तिला तू ‘बारा तास होतोय’ म्हणून परत पाठवतोस.

आईशी खोटं बोलतोस म्हणून मी रागावणार नाही. तिला काळजी नको, हळदीच्या काळजीत आपली भर नको, एवढाच त्यामागचा विचार आहे आणि तो चांगल्या मुलाचा आहे. पण ऐक. माझी मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी असते आणि टाळेबंदीत तिथेच अडकली आहे. एप्रिलभर ती मला रोज सांगत होती, मजेत आहे, नवीन पदार्थ करून बघतेय. मीही तिला सांगत होते, आम्ही मजेत. एका रात्री ती फोनवर रडली. भांडी घासताना उगाच रडू आलं म्हणाली, आणि मग अर्धा तास बोलत राहिली. त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. तोवरचं ‘मजेत’ मला आवाजावरून कळतच होतं, फक्त त्याला हात लावता येत नव्हता. तुझ्या आईचंही तेच चाललं असेल. ती तुला हळदीचं पूर्ण खरं सांगत नसेल, तू तिला अभ्यासाचं सांगत नाहीस, आणि दोघंही फोन ठेवल्यावर भिंतीकडे बघत बसता.

तेव्हा तिला सांग, ‘आई, महिनाभर अभ्यास झालेला नाही. मन लागत नाही.’ एवढी दोनच वाक्यं. पुढचं ती बघेल. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला हातातोंडाशी आलेलं पीक जाणं म्हणजे काय हे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि रोजच्या फोनमध्ये अभ्यासाच्या जागी दुसरं काहीतरी येऊ दे. येसर कसं करतात ते तिला विचार. गहू, हरभऱ्याची डाळ, धने किती आणि कोणत्या रंगावर भाजायचे, पुढे काय काय पडतं, ते वहीत लिहून घे. येसराचा डबा संपायच्या आधी तुला थोडं स्वतः करून बघता येईल. खोलीत लहान शेगडी आहे, तेवढी पुरे. जमलं की नाही हे ऐकायला ती संध्याकाळी फोनपाशी बसेल. जळलं असलं तरी सांग, ती हसेल. तिला हसून किती दिवस झाले असतील, कोण जाणे.

बाबांसाठी मी वेगळं काम काढलं आहे. हळदीचं आपल्या हातात काही नाही, मोंढा सुरळीत होईल तेव्हाच ती हलेल. पण महिन्याभरात मृग लागेल. तुमच्याकडे सोयाबीन असेल, आणि यंदा दुकानातून नवीन बियाणं आणायला हातात पैसा कमी आहे. सोयाबीनचं घरचं बियाणं चालतं, दरवर्षी नवं घ्यावं लागत नाही, फक्त ते उगवतं का हे आधी तपासायला हवं. माझे भाऊ दरसाल तपासतात. गोणपाट भिजवून पसरायचं, कोठीतल्या पोत्यातलं सरमिसळ करून शंभर दाणे घ्यायचे, दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून हलक्या हाताने गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं नेहमीच्या प्रमाणात पेरायला हरकत नाही. कमी उगवले तर एकरी दाणा वाढवावा लागतो, फारच कमी असले तर ते पोतं बाजूला काढायचं. हे तू बाबांना फोनवर सांग. प्रत्येक पोत्याचा वेगळा आकडा ते तुला कळवतील, तू वहीत मांडून ठेव, कुठल्या वावरात कुठलं बियाणं पडेल ते दोघं मिळून ठरवा. तीन वर्षं तू घरातून पैसे मागवतोयस, याची टोचणी तुझ्या पत्रात शब्दांत नाही पण ओळींमध्ये आहे. बापाला पोराचा सल्ला उपयोगी पडणं, याने ती थोडी तरी बोथट होईल.

डब्याबद्दल. मान खाली जाते म्हणालास. अन्नापुढे मान खाली गेली तर ती नमस्काराची असू दे, शरमेची नको. आणि तरीही सल राहतच असेल, तर डबा देणाऱ्या मुलांना उद्या विचार, माझा काय उपयोग होईल? मुखपट्टी बांधून, पोलिसांचे नियम पाळून ते ज्या कामाला बोलावतील ते कर. त्यांनी बाहेरचं काम नाही दिलं, तरी खोलीत बसून करण्यासारखं पुष्कळ आहे. 1 मेपासून मजुरांसाठी रेल्वेगाड्या सुरू झाल्या आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत जायला ई-पास लागतो, डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि हे अर्ज भरताना माणसं रडकुंडीला येताहेत. तुला अर्ज लिहिता येतो. परिपत्रकाची भाषा तुला कळते. हे तुला साधं वाटतं, कारण गेली तीन वर्षं तू दुसरं काही केलेलंच नाहीस. वीटभट्टीवर अडकलेल्या माणसाला त्या दोन पानांचं मोल विचार. रोज दुपारी दोन तास तू फोनवरून अर्ज भरून देतोस असं त्या मुलांना सांगून ठेव. मग बघ, अकराला उठणं परवडतं का.

याच वाटेने तुझ्या अभ्यासाकडे येते. बारा तास विसर. सध्या रोज तीन तास, तेही सकाळी, मोबाइल दुसऱ्या कॉटवर उशीखाली ठेवून. झोपेची वेळ एका दिवसात बदलणार नाही. दर दोन दिवसांनी अर्धा तास आधी उठत जा, पंधरवड्यात सातवर येशील. तारीख नसताना उजळणी करणं फार अवघड असतं, कारण उजळणी तारखेसाठीच असते. म्हणून तूर्त उजळणी सोड आणि ज्याला एरवी वेळ नसतो ते कर, म्हणजे एकेक गोष्ट मुळापासून समजून घे.

साथरोग अधिनियम 1897 हे तू एका ओळीत पाठ केलं असशील. मार्चच्या मध्यापासून आपल्या राज्यात तोच कायदा लागू आहे, तुझ्या खोलीच्या दाराबाहेर तोच उभा आहे. तो आला तेव्हा तू राहतोस त्याच पेठांमध्ये प्लेग होता. सावित्रीबाई पुण्याबाहेर रोग्यांची सेवा करत होत्या, मुंढव्याहून आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्या आणि 10 मार्च 1897 रोजी त्याच प्लेगने गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. घरात शिरून झडत्या घेणाऱ्या गोऱ्या शिपायांवरचा लोकांचा संताप 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी होऊन सुटला. प्रश्नपत्रिकेत या चार वेगवेगळ्या प्रश्नांच्या चार वेगळ्या जागा आहेत. खरं तर तो सहा महिन्यांतला एकच पट आहे: एकच साथ, एक बाई रोगी उचलते, एक शास्त्रज्ञ लस करतो, एक अधिकारी दहशत बसवतो. यातला अधिकारी तू कुठला होणार, हे ठरवायला याहून चांगला काळ तुला मिळणार नाही.

म्हणून रोज रात्री, मोबाइल हातात घ्यायच्या आधी, एक पान लिही: आज मी वसमतचा तहसीलदार असतो तर काय केलं असतं? पुण्याहून येणाऱ्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवायचं, तर तिथे बायकांच्या संडासाचं काय? रेशनकार्ड दुसऱ्या गावचं असलेल्या ऊसतोड्याला धान्य कशावर द्यायचं? हळद पडून आहे त्या शेतकऱ्याला मोंढ्यात गर्दी न करता माल कसा आणता येईल? तुझ्या बाबांना विचारून लिही, सरपंचाला फोन करून लिही. हे पान कुणी तपासणार नाही. पण मुलाखतीच्या टेबलापलीकडून एक दिवस कुणीतरी विचारेल, टाळेबंदीत तुम्ही काय केलंत? तेव्हा तुझ्याजवळ सांगायला शब्द असतील, आणि ते पुस्तकातले नसतील.

माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेली प्लेगची गोष्ट सांगायची. उंदीर मरून पडायला लागले की सगळं गाव घरं सोडून माळावर कुडाच्या झोपड्यांत राहायला जायचं, महिने महिने. मी विचारायचे, मग तिथे दिवसभर काय करायचे सगळे? आजीला तो प्रश्नच कळायचा नाही. जातं बरोबर नेलेलं असायचं, ती म्हणायची, दळण काही थांबतं का? पहाटे शेजारच्या झोपडीतून जात्याची घरघर आली नाही, की बाया आधी तिकडे धावायच्या, बरं आहे ना बघायला. मला ते जातं गेल्या महिन्यात फार वेळा आठवलं. तुझ्या वाड्यात, चाळीत, इमारतीत जे कुणी उरले आहेत त्यांची नावं तुला माहीत आहेत का? खालच्या मजल्यावर म्हातारं माणूस एकटं आहे का? रोज सकाळी दुरूनच एक हाक मार, औषध आणायचं आहे का विचार. तुझीही हाक एखादे दिवशी आली नाही, तर कुणीतरी जिना चढून बघायला येईल.

अंगाचं थोडक्यात सांगते. रोज आंघोळ, रोज धुतलेले कपडे, गच्चीवर बारा सूर्यनमस्कार किंवा अर्धा तास चालणं. बातम्या संध्याकाळी एकदाच. अंधार पडला की पश्चिमेला शुक्र बघून ये. सध्या तो लखलखीत आहे, महिनाअखेरीस दिसेनासा होईल.

आणि गावी जायची सोय झाली, तर जा. नाव नोंदवता येत असेल तिथे आजच नोंदव. पुण्याहून आला म्हणून लोक चार दिवस लांब उभे राहतील, शाळेत चौदा दिवस काढावे लागतील, ते काढ. ‘साहेब होऊनच येईन’ असं निघताना कुणाला म्हणाला असलास तरी ते विसर. घरी परत गेलेला मुलगा हरलेला नसतो. तिथे हातभर काम आहे आणि ताटात भाकरी आहे.

तोवर मात्र एक काम माझ्याकडून. येत्या बुधवारी आणि गुरुवारी, 13 आणि 14 मेला, पुण्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येणार आहे. साडेबाराच्या सुमाराला गच्चीवर एक बाटली सरळ उभी कर आणि तिची सावली तिच्याच बुडाखाली गडप होताना बघ. वसमतला हे होईल रविवारच्या, 17 तारखेच्या आसपास, कारण तुझं गाव पुण्याच्या थोडं उत्तरेला आहे. आणि पूर्वेला असल्याने तिथली वेळ पुण्याच्या बारा-तेरा मिनिटं आधीची. अक्षांश, रेखांश, मिर्झापूरजवळून जाणारं प्रमाणवेळेचं साडेब्याऐंशी अंश रेखावृत्त, सगळं तुझं पाठ आहे. घरात किंवा शेजारी आठ-दहा वर्षांचं कुणी पोर असेलच. त्याला आज फोन कर, अंगणात काठी रोवायला सांग, आणि मंगळवारपासून रोज दुपारी तिची सावली दोऱ्याने मोजून तुला कळवायला लाव. त्याचा आकडा आणि तुझा आकडा वहीत शेजारी शेजारी लिही.

रविवारी दुपारी ते पोर अंगणात उन्हात उभं राहून तुझ्या फोनची वाट बघेल. सव्वाबारालाच कर, उशीर करू नकोस. आकडे मलाही पाठव.

तुझी,
ताई